ज्युपिटर नोटबुकमध्ये विजेटवरच्या क्लिकची वाट कशी पाहायची

ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून पायथन कोड चालवायच्या पानावर, एक बटण दाखवायचं (अशा बटणांना, स्लायडरना विजेट म्हणतात), समोरचा माणूस ते दाबेपर्यंत थांबायचं आणि मग पुढचा कोड चालवायचा. ऐकायला अगदी किरकोळ काम. पायथन थोडंफार येत असलेला कुणीही पहिल्यांदा जे लिहितो ते असं: बटण दाखवा, आणि खाली व्हाइल लूप टाका, 'उत्तर येत नाही तोवर अर्धा सेकंद झोप, मग पुन्हा बघ'. सेल, म्हणजे कोडची ती चौकट, रन होतो, बटण दिसतं, दाबलं तर दबतंसुद्धा, पण पुढे काही म्हणजे काही होत नाही. सेलच्या डावीकडची चांदणी, म्हणजे 'अजून चालू आहे' ही खूण, तशीच. आणखी दहा वेळा दाबा, तरी तेच. वैतागून कर्नल (मागे तुमचा कोड चालवणारी प्रोसेस) इंटरप्ट केला की साचलेले सगळे क्लिक एकदम धडाधड येऊन आदळतात.

यात तुमच्या लूपचं काही चुकलेलं नाही. चुकतो तो 'नोटबुक थांबवायचं' हा विचारच. थांबायचं असतं एका फंक्शनने. सेल आणि कर्नल मोकळे राहिले पाहिजेत. हे पटलं की पुढचं सगळं सोपं आहे, म्हणून पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

उदाहरण एकच घेऊ. हाताने लिहिलेल्या देवनागरी अंकांची चित्रं आहेत. मॉडेलने प्रत्येकाचा अंदाज दिलाय, पण १ आणि ९ मध्ये ते सारखं गोंधळतं, कारण घाईत लिहिलेल्या ९ चं वळण अर्धवट राहिलं की तो हुबेहूब १ दिसतो. अशी शंकास्पद चित्रं एकेक करून माणसाला दाखवायची, त्याने बटण दाबून अंक सांगायचा, मग पुढचं चित्र.

कोडच्या ओळी मी बोलण्याच्या भाषेत सांगितल्या आहेत. नेमकं स्पेलिंग नोटबुकात टॅब दाबलं की समोर येतं. क्रम मात्र इथे आहे तसाच ठेवा.

काय काय लागेल

- ज्युपिटरलॅब ४ किंवा नोटबुक ७. दोन्ही आतून एकाच सामानाची बनलेली आहेत, त्यामुळे खालचं सगळं दोन्हीकडे सारखंच चालतं.
- आयपीविजेट्सची, म्हणजे बटणं, स्लायडर देणाऱ्या पॅकेजची, ८ वी आवृत्ती. ती २०२२ मध्ये आली. ७ वर असाल तर बहुतेक गोष्टी चालतील, पण आता नव्याने सुरुवात करताना जुनी आवृत्ती धरून बसू नका.
- असिंकआयओ, म्हणजे सगळं न अडवता वाट पाहणारा कोड लिहायची लायब्ररी. हे पायथनसोबतच येतं, वेगळं काही घ्यायचं नाही.
- ज्युपिटर यूआय पोल नावाचं छोटं पॅकेज. फक्त सहाव्या पायरीसाठी. आधीच इन्स्टॉल करायची गरज नाही.

इन्स्टॉल करताना सेलमध्येच टक्क्याचं चिन्ह लावून पिप (पॅकेज इन्स्टॉल करणारी कमांड) चालवा, म्हणजे पॅकेज तुमच्या चालू कर्नलच्याच एन्व्हायरन्मेंटमध्ये, म्हणजे पायथन आणि पॅकेजेसच्या त्याच संचात जातं. नंतर कर्नल रीस्टार्ट करा आणि ब्राउझरचं पानही रीलोड करा. दुसरं लोक विसरतात.

इथे एक सापळा आहे. स्लायडर दाखवायला गेलात आणि स्लायडरच्या जागी 'इंटस्लायडर, कंसात व्हॅल्यू बरोबर शून्य' असा नुसता मजकूर उमटला, तर कोडमध्ये खोट शोधू नका. ज्युपिटरलॅब एका एन्व्हायरन्मेंटमधून चालतंय आणि कर्नल दुसऱ्या, असा तो प्रकार असतो. कर्नलच्या बाजूला आयपीविजेट्स आहे, पण पानावर विजेट रंगवणारा भाग लॅबच्या बाजूला नाही. लॅब जिथून सुरू करता त्या एन्व्हायरन्मेंटमध्ये ज्युपिटरलॅब विजेट्स हे पॅकेज टाका.

पायरी १: क्लिक कुठे अडकतो ते डोळ्यांनी बघा

तुमचा कोड ब्राउझरमध्ये चालत नाही. तो कर्नल नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो, आणि ब्राउझर व कर्नल एकमेकांना निरोप पाठवत असतात. निरोपांचे मार्ग पाच: शेल, आयओपब, एसटीडीइन, कंट्रोल आणि हार्टबीट. 'हा सेल चालव' हा निरोप शेलवरून जातो. 'स्लायडर हलला', 'बटण दाबलं' हे निरोपही शेलवरूनच जातात. आणि शेलवरचे निरोप कर्नल एकापाठोपाठ एक घेतो. हातातलं संपल्याशिवाय पुढचं उघडत नाही.

तिकीटखिडकीची रांग डोळ्यांसमोर आणा. खिडकीपाशी तुमचा व्हाइल लूप उभा आहे आणि म्हणतोय, 'मागच्या माणसाने चिठ्ठी दिली की मगच मी हलणार.' चिठ्ठी घेतलेला क्लिक त्याच रांगेत त्याच्या मागे उभा आहे. दोघंही संध्याकाळपर्यंत तिथेच.

विश्वास बसत नसेल तर करून बघा. एका सेलमध्ये स्लायडर बनवून दाखवा. दुसऱ्या सेलमध्ये तीन ओळी लिहा: स्लायडरची व्हॅल्यू प्रिंट करा, वीस सेकंद झोपा, पुन्हा व्हॅल्यू प्रिंट करा. दुसरा सेल रन करा आणि झोपेच्या वीस सेकंदांत स्लायडर हवा तेवढा सरकवा. दोन्ही वेळा जुनीच व्हॅल्यू छापली जाईल. लगेच तिसऱ्या सेलमध्ये तीच व्हॅल्यू प्रिंट करा. आता नवी दिसेल. पडद्यावर स्लायडर हललेला असतो, पायथनला मात्र अजून पत्ता नसतो.

ज्युपिटरलॅब ४.४ आणि आयपायकर्नल (पायथनचा कर्नल देणारं पॅकेज) ७ या नव्या जोडीने सबशेल नावाची सोय आणली आहे. त्यात विजेटचे निरोप वेगळ्या धाग्यावरून (थ्रेडवरून) जाऊ शकतात, म्हणजे रांगेला दुसरी खिडकी मिळते. छान आहे. पण तुमचं नोटबुक सहकारी कुठल्या आवृत्तीवर उघडेल ते तुमच्या हातात नसतं, म्हणून त्या सोयीच्या भरवशावर कोड लिहू नका.

पायरी २: खरंच कुणाला थांबायचंय ते ठरवा

कोड लिहिण्याआधी स्वतःला विचारा: उत्तर आल्यावर नेमकं काय घडायचंय?

एक नाव किंवा एक आकडा टाइप करून घ्यायचाय, बाकी काही नाही: पायरी ३. बटण दाबल्यावर एकच ठरावीक काम व्हायचंय: पायरी ४. एकामागून एक बरेच प्रश्न आहेत आणि कोड सरळ लूपसारखा वाचता यायला हवा: पायरी ५. 'रन ऑल' दाबल्यावर पाचव्या सेलपाशी थांबून, उत्तर घेऊन, मगच सहावा सेल चालला पाहिजे: पायरी ६. माझ्या मते शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणांचं काम चौथ्या पायरीवरच भागतं, पण त्यांना ते सहाव्याचं वाटत असतं.

पायरी ३: आधी इनपुट फंक्शन वापरून बघा

पायथनचं साधं इनपुट नोटबुकात व्यवस्थित थांबतं. मग विजेट का थांबत नाही? कारण इनपुटचं उत्तर शेलच्या रांगेतून येतच नाही. कर्नल एसटीडीइन मार्गावरून 'उत्तर हवंय' असा निरोप धाडतो, ब्राउझर सेलखाली चौकट दाखवतो, आणि उत्तर त्याच मार्गाने परत येतं. वेगळी वाट, म्हणून कोंडी नाही.

दिसायला ते ओबडधोबड आहे, पण एखादा आकडा विचारायला पुरेसं आहे. मराठी कीबोर्डवरून कुणी ९ टाइप केलं तर काय, ही काळजी नको: पायथनच्या इंट फंक्शनला देवनागरी अंकांची स्ट्रिंग थेट चालते, ते ९ चा पूर्णांक करून देतं. त्याची अडचण एवढीच की चौकट उघडी असेपर्यंत कर्नल खरोखर अडकलेला असतो, त्यामुळे आजूबाजूचे विजेट मुके होतात. इनपुट आणि विजेट एकाच कामात मिसळू नका.

पायरी ४: कोडचे दोन तुकडे करा

विजेटचा मूळ स्वभाव असा आहे: 'मला काही झालं तर हे फंक्शन बोलाव' असं सांगून ठेवायचं आणि सेल संपवून मोकळं व्हायचं. या फंक्शनला कॉलबॅक म्हणतात. जिथे थांबावंसं वाटतं तिथे कोडवर रेघ मारा. रेघेच्या वरचं सेलमध्ये राहू द्या. खालचं एका फंक्शनमध्ये घाला. ते फंक्शन बटणाला ऑन क्लिकने जोडा.

आपल्या उदाहरणात क्रम असा:

१. चित्र दाखवायला इमेज विजेट, १ आणि ९ अशी दोन बटणं, आणि एक आउटपुट विजेट (मजकूर छापायची जागा) बनवा.
२. 'क्रमांक' आणि 'निकाल' अशा दोन गोष्टी ठेवा: सध्या कितवं चित्र आहे, आणि आतापर्यंतची उत्तरं.
३. 'दाबलं' नावाचं फंक्शन लिहा. त्याला दाबलेलं बटण आपोआप मिळतं. आत: बटणाचं डिस्क्रिप्शन निकालात टाका, क्रमांक एकने वाढवा, पुढच्या फाइलचे बाइट्स इमेज विजेटच्या व्हॅल्यूत घाला. चित्रं संपली असतील तर बटणं डिसेबल करा आणि निकाल फाइलमध्ये लिहा.
४. दोन्ही बटणांना हे फंक्शन जोडा.
५. सगळं एका व्हीबॉक्समध्ये (विजेट एकाखाली एक रचणाऱ्या चौकटीत) रचून डिस्प्ले करा.

सेल क्षणात संपतो, चांदणीच्या जागी आकडा येतो आणि बटणं जिवंत राहतात.

स्लायडर, ड्रॉपडाउन, टेक्स्ट यांना ऑन क्लिक नसतं, त्यांना ऑब्झर्व्ह वापरायचं. इथे तीन गोष्टी नवख्यांना हमखास छळतात.

पहिली, ऑब्झर्व्ह करताना नेम्स म्हणून 'व्हॅल्यू' लिहायचं राहून जातं. मग विजेटमधला प्रत्येक बदल तुमच्या फंक्शनकडे येतो. ड्रॉपडाउनमध्ये एक पर्याय निवडला तरी इंडेक्स बदलला, लेबल बदललं, व्हॅल्यू बदलली, असे वेगवेगळे निरोप येतात आणि तुम्हाला वाटतं कोड वेडा झालाय.

दुसरी, स्लायडर ओढताना वाटेतला प्रत्येक आकडा कळवला जातो. माणसाला ७० वर न्यायचंय आणि तुमचं फंक्शन ३ वरच धावत सुटतं. कंटिन्युअस अपडेट फॉल्स केलं की माउस सोडल्यावरच निरोप येतो. टेक्स्टच्या चौकटीलाही हेच करा. मग एंटर दाबल्यावर किंवा चौकटीबाहेर गेल्यावर व्हॅल्यू येते.

तिसरी सगळ्यात फसवी. ऑब्झर्व्ह फक्त बदल झाला तरच बोलतं. ड्रॉपडाउनला सुरुवातीची व्हॅल्यू दिली नाही तर पहिला पर्याय आपोआप निवडलेला असतो, आणि माणसाला नेमका तोच हवा असेल तर तो काहीच दाबणार नाही. तुम्ही तिकडे वाट पाहत बसलेले, तो इकडे. उपाय दोन: सुरुवातीची व्हॅल्यू नन ठेवा, म्हणजे चौकट रिकामी दिसेल, किंवा शेजारी 'पुढे' असं बटण द्या आणि वाट त्या बटणाची पाहा. मी नेहमी दुसराच करते. स्लायडरचा प्रश्नही त्यातच सुटतो, कारण बटण दाबल्याच्या क्षणी स्लायडर जिथे असेल तीच त्याची व्हॅल्यू.

बटणावर मराठी मजकूर बेलाशक लिहा. फक्त लेआउटमध्ये रुंदी 'ऑटो' करा, नाहीतर 'पुन्हा तपासा' सारखं लेबल अर्ध्यात कापून तीन टिंबं येतात.

पायरी ५: असिंक फंक्शनला वाट पाहू द्या

एक प्रश्न असेल तोवर कॉलबॅक ठीक. पण 'अंक विचारा. खात्री नसेल तर चित्र मोठं करून पुन्हा विचारा. तरी कळलं नाही तर शेरा लिहून घ्या' असं सुरू झालं की कॉलबॅकमधून कॉलबॅक निघतात आणि आपण कितव्या प्रश्नावर आहोत हे लक्षात ठेवायलाच चार व्हेरिएबल लागतात. अशा वेळी असिंकआयओ कामाला येतं. आयपीविजेट्सच्या स्वतःच्या दस्तऐवजातही हाच मार्ग दाखवलेला आहे. खाली तो बटणांसाठी थोडा बदलला आहे.

कल्पना अशी. कर्नलमध्ये एक इव्हेंट लूप आधीच फिरत असतो. असिंक फंक्शनने अवेट म्हटलं की ते स्वतः बाजूला होतं आणि लूप मोकळा होतो; उत्तर आलं की ते जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. उत्तर ठेवायची रिकामी जागा म्हणजे फ्यूचर.

आधी वाट पाहणारं फंक्शन:

१. 'क्लिकची वाट' नावाचं साधं फंक्शन लिहा, असिंक नको. त्याला बटणांची यादी द्या.
२. आत पहिली ओळ: असिंकआयओकडून चालू लूप घ्या आणि त्याच्याकडून एक फ्यूचर तयार करून घ्या.
३. त्याच्याच आत 'दाबलं' नावाचं छोटं फंक्शन. त्यात आधी सगळ्या बटणांवरून हे 'दाबलं' काढून टाका (ऑन क्लिकलाच रिमूव्ह बरोबर ट्रू दिलं की निघतं). मग फ्यूचर अजून डन झालेलं नसेल तरच त्यात बटणाचं डिस्क्रिप्शन सेट रिझल्टने घाला.
४. सगळ्या बटणांना 'दाबलं' जोडा आणि फ्यूचर परत करा.

'डन नसेल तरच' ही अट फालतू वाटते, पण ती गाळू नका. घाईत कुणी दोनदा क्लिक केलं आणि दोन्ही वेळा सेट रिझल्ट झालं तर इनव्हॅलिड स्टेट एरर येतो.

आता मुख्य काम. 'तपासणी' नावाचं असिंक फंक्शन लिहा. आत साधा फॉर लूप: प्रत्येक फाइलसाठी चित्र दाखवा, 'उत्तर बरोबर अवेट क्लिकची वाट', उत्तर निकालात टाका. पाहा, हा कोड वरून खाली सरळ वाचता येतो. मध्ये इफ टाका, दुसरा प्रश्न टाका, लूपमधून ब्रेक करा, काहीही. शेवटी निकाल फाइलमध्ये लिहा.

सेलच्या शेवटी व्हीबॉक्स डिस्प्ले करा आणि 'काम बरोबर असिंकआयओ डॉट क्रिएट टास्क, कंसात तपासणी' अशी ओळ लिहा. सेल लगेच संपेल. तपासणी मागे चालू राहील.

या शेवटच्या ओळीभोवती चार सापळे आहेत.

क्रिएट टास्कच्या जागी असिंकआयओ डॉट रन लिहिलंत तर रनटाइम एरर येईल: चालू इव्हेंट लूपमध्ये हे बोलावता येत नाही. साध्या पायथन फाइलसाठी लिहिलेले धडे नोटबुकात आणले की हेच होतं.

टास्क व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. इव्हेंट लूप त्याला घट्ट पकडून ठेवत नाही. कुणीच धरलं नाही तर ते मध्येच कचऱ्यात जाऊ शकतं.

सेलमध्ये 'अवेट काम' लिहू नका. मोह होतो, कारण आयपायथन (कर्नलच्या आत पायथन चालवणारा भाग) ७ पासून, म्हणजे २०१८ पासून, सेलमध्ये थेट अवेट चालतं. एररही येत नाही. पण अवेट पूर्ण होईपर्यंत कर्नल तो सेल संपलेला धरत नाही, आणि सेल संपल्याशिवाय शेलवरचा पुढचा निरोप, म्हणजे तुमचा क्लिक, उघडत नाही. इव्हेंट लूप मोकळा, रांग मात्र बंद. म्हणजे फिरून पायरी १. मी ज्यांना ज्यांना हे शिकवलं त्यातले बहुतेक इथेच अडखळले, कारण कागदावर ते अगदी बरोबर दिसतं.

आणि चौथा: टास्कमधला एरर गपचूप गिळला जातो. फाइल सापडली नाही, तपासणी तिथेच मेली, आणि पानावर बटणं तशीच हसतमुख उभी. पुढच्या सेलमध्ये कामाला डन विचारा. ट्रू आलं तर रिझल्ट मागा, मग लपलेला एरर पूर्ण ट्रेसबॅकसह समोर येतो. त्याहून बरं, तपासणीचं सगळं अंग ट्राय-एक्सेप्टमध्ये घाला आणि ट्रेसबॅक आउटपुट विजेटमध्ये छापा.

माणूस उठून चहाला गेला तर? असिंकआयओच्या वेट फॉरमध्ये फ्यूचर आणि सेकंद द्या. वेळ संपली की टाइमआउट एरर येतो आणि तो पकडून तुम्ही 'उत्तर नाही' असं नोंदवून पुढे जाऊ शकता. टाइमआउटनंतर ते फ्यूचर रद्द होतं, पण बटणावरचं जुनं 'दाबलं' तिथेच चिकटलेलं असतं. पुढच्या क्लिकला ते एकदा धावेल, डन बघून गप्प बसेल आणि स्वतःला काढून टाकेल. वरच्या तिसऱ्या ओळीत काढून टाकणं आधी आणि अट नंतर ठेवली ती याचसाठी.

तपासणी मध्येच सोडायची सोयही द्या. 'थांबवा' असं तिसरं बटण, त्याच्या कॉलबॅकमध्ये काम डॉट कॅन्सल. निकाल फाइलमध्ये लिहिण्याची ओळ फायनलीमध्ये असेल तर तोवरची उत्तरं वाया जात नाहीत. नुसता कर्नल इंटरप्ट करून टास्क थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा. इंटरप्ट चालू सेलसाठी असतो, आणि इथे सेल केव्हाच संपलेला आहे.

धागे, म्हणजे थ्रेड वापरूनही हे जमतं. काम वेगळ्या थ्रेडमध्ये टाकायचं, त्याने थ्रेडिंग इव्हेंटवर वेट करायचं, कॉलबॅकने तो इव्हेंट सेट करायचा. असिंक न पचणारी जुनी लायब्ररी मध्ये असेल तर तोच पर्याय उरतो. पण थ्रेडमधून मॅटप्लॉटलिबने चित्रं काढू नका, ते त्यासाठी सुरक्षित नाही. पर्याय असेल तर मी असिंकच घेईन.

पायरी ६: 'रन ऑल' खरोखर थांबवायचं असेल तर

पायरी ५ मध्ये तपासणी चालू असताना खालचे सेल थांबत नाहीत. 'रन ऑल' दाबलं तर निकाल अजून रिकामा असतानाच शेवटचा आलेख काढायचा प्रयत्न होतो. यावर माझं पहिलं म्हणणं हेच की आलेखाचा कोड तपासणीच्या शेवटी हलवा. पण नोटबुक दुसऱ्याचं असेल, सेल वीस असतील आणि मधल्या एकाच ठिकाणी उत्तर हवं असेल, तर ज्युपिटर यूआय पोल घ्या.

त्याची युक्ती मजेशीर आहे. ते शेलच्या रांगेत हात घालतं. विजेटचे निरोप असतील तर लगेच पुढे सोडतं. 'हा सेल चालव' असे निरोप असतील तर बाजूला धरून ठेवतं आणि तुमचा सेल संपल्यावर क्रमाने परत देतं. त्यामुळे सेल अडलेला असतानाही बटणं जिवंत राहतात आणि 'रन ऑल'चे पुढचे सेल शिस्तीत थांबतात.

लिहायचं असं: विथ यूआय इव्हेंट्स अ‍ॅज पोल. आत तोच तुमचा पहिल्यापासूनचा व्हाइल लूप, 'उत्तर नन आहे तोवर'. लूपमध्ये पोल, कंसात १०, म्हणजे एका दमात दहापर्यंत निरोप हाताळ. मग दशांश सेकंदाची झोप. झोप गाळलीत तर प्रोसेसर उगाच तापत राहतो.

'उत्तर बरोबर नन' ही ओळ त्याच सेलमध्ये, विथच्या वर ठेवा. वरच्या कुठल्यातरी सेलमध्ये ठेवली आणि हा सेल दुसऱ्यांदा चालवला, तर मागचं उत्तर तिथेच असतं आणि सेल न विचारताच पुढे निघून जातो. हे लवकर लक्षात येत नाही, कारण कुठलाच एरर नसतो, फक्त निकालात एक ओळ दोनदा दिसते.

पायरी ७: काही उमटतच नसेल तर कुठे बघायचं

कॉलबॅकमध्ये प्रिंट लिहिलं आणि काहीच दिसलं नाही, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. ज्युपिटरलॅबमध्ये कॉलबॅकचं प्रिंट सेलखाली न येता लॉग कन्सोलमध्ये जातं. व्ह्यू मेनूतून तो उघडा. कॉलबॅकमधले एररही तिथेच पडलेले सापडतील. कायमचा उपाय म्हणजे आउटपुट विजेट: कॉलबॅकवर त्याचा कॅप्चर डेकोरेटर लावा, किंवा असिंक फंक्शनमधून त्याच्या अपेंड एसटीडीआउटने मजकूर टाका.

एका क्लिकला काम दोनदा, तिनदा होत असेल तर बटण एका सेलमध्ये आणि ऑन क्लिक दुसऱ्या सेलमध्ये आहे का पाहा. दुसरा सेल जितक्या वेळा चालवाल तितकी नवी फंक्शनं त्याच जुन्या बटणाला लटकत जातात. बटण बनवणं आणि जोडणं एकाच सेलमध्ये ठेवा, म्हणजे दरवेळी कोरं बटण मिळतं.

नोटबुक काल सेव्ह केलं, आज उघडलं, बटण दिसतंय पण दाबल्यावर ढिम्म: कर्नल नवा आहे, त्याला त्या बटणाची ओळखच नाही. सेल पुन्हा चालवा.

पायरी ८: समोर माणूसच नसेल तेव्हा

हेच नोटबुक रात्री एनबीकन्व्हर्ट किंवा पेपरमिल या नोटबुक चालवणाऱ्या साधनांनी आपोआप चालवलं जाणार असेल, तर तिथे क्लिक करायला कुणी नसतं. इनपुट फंक्शन स्टँडर्ड इनपुटची सोय नसल्याचा एरर देऊन मोकळं होतं. पायरी ६ चा सेल मात्र एररही न देता नुसता फिरत राहतो, म्हणून त्या व्हाइल लूपमध्ये सुरू झाल्याची वेळ टिपून ठेवा आणि ठरावीक मिनिटांनी बाहेर पडा. पेपरमिलसाठी याहून सरळ मार्ग आहे: उत्तरं एका सेलमध्ये व्हेरिएबल म्हणून लिहा आणि त्या सेलला 'पॅरामीटर्स' असा टॅग लावा. चालवताना बाहेरून दिलेल्या किमती त्या सेलच्या लगेच खाली नव्या सेलमध्ये येऊन बसतात.

व्हॉइला वापरून नोटबुकचं वेबपान करणार असाल तर सेल अडवणारी कुठलीच पद्धत नको. व्हॉइला आधी सेल चालवून घेतो आणि मग पान दाखवतो. सेल क्लिकसाठी थांबलेला असेल तर क्लिक करायचं बटण लोकांना दिसायलाच मिळत नाही. तिथे पायरी ४ किंवा ५ चाच कोड लागतो, आणि तो जसाच्या तसा चालतो.